कोठेकर मॅडम आणि अळीचा मेंदू

भेंडी घेताना आमच्या घाटंजीच्या बाजारात माणूस टोक मोडून बघतो. कट्‌कन मोडलं तर कोवळी, नाहीतर पुढचं दुकान. डॉ. इंदुमती कोठेकर या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई मात्र भेंडी उन्हाकडे धरून तिला भोक आहे का ते बघायच्या. भोक असलं तर पिशवीत, नसलं तर परत ढिगात.

भाजीवाल्या शेवंताबाईनं पहिल्या दिवशी हा प्रकार पाहिला तेव्हा मी शेजारी वांगी घेत होतो.

"बाई, किडकी काहून वेचून राह्यल्या? चांगली घ्या ना."

"मला किडकीच पाहिजे."

"भाव तोच लागन."

"चालेल."

"घरी बकरी हाय का?"

"नाही. अळ्या आहेत."

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी वांग्यांकडे पाहिलं. पुढच्या बाजारापासून तिच्या गोणपाटाच्या एका कोपऱ्यात किडक्या भेंडीचा वेगळा ढीग दिसू लागला. त्याला कोणी हात लावला की ती ओरडायची, "थो मॅडमचा हाय."

कापसावर अळीनं धुमाकूळ घातला होता, ती ही वर्षं. पाठीवर पंप घेऊन सारा तालुका शिवारात. सकाळी बसस्टँडवर उतरलं तरी औषधाचा वास नाकात बसायचा. आणि त्याच गावात कोठेकर मॅडम कॉलेजच्या प्रयोगशाळेत लोणच्याच्या बरण्यांमध्ये बोंडअळ्या वाढवत होत्या. भिजवलेल्या हरभऱ्याचं वाटण, वर भेंडीचे काप, बरणीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा. लग्नातल्या पाहुण्यांची एवढी बडदास्त आमच्याकडे होत नाही.

चहाच्या टपरीवर एकदा पारवा गावाकडच्या एका काश्तकारानं, कापसाच्या शेतकऱ्यानं, त्यांना अडवलंच. "सारा तालुका अळी मारून राह्यला मॅडम, आन् तुमी तिले पोसून राह्यल्या. पगार सरकारचा खाता. मंग हाय कोनाच्या बाजूनं?"

मॅडमनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "अळीच्या."

टपरी हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या विनोद करत होत्या की खरं सांगत होत्या, हे टपरीला कळलं नाही. मला अजूनही कळलेलं नाही.

हा चेहरा मी धंद्याच्या नजरेनं सांगतो. माझा फोटो स्टुडिओ. वडिलांनी टाकलेला, कॉलेजच्या रस्त्यावरच. आयुष्यभर मी लोकांना "जरा हसा", "एवढं नका हसू", "हलू नका" एवढंच सांगत आलो. मॅडम ओळखपत्राच्या फोटोसाठी स्टुलावर बसल्या तेव्हा मला एक शब्द बोलावा लागला नाही. चेहरा कोऱ्या स्टँपपेपरसारखा. पुढे त्यांचा सत्कार पाहिला, त्यांची बदनामी पाहिली, चेहरा तोच.

स्टुडिओत मी फोटो काढायचा आणि माझ्या काकाजींनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावानं, माणूस सुधारायचा. काकाजी रिटचिंग करत. मोठी निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा, आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं डाग भरून काढायचे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की कागदावर डाग नाहीसा. तीळ, मुरूम, देवीचे वण, सगळं जायचं. या तालुक्यात कितीतरी पोरींची लग्नं काकाजींच्या पेन्सिलीवर जमली, आणि कितीतरी नवरदेवांनी मांडवात अंतरपाट खाली आल्यावर पहिल्यांदा तो तीळ पाहिला. काकाजी म्हणत, "देवानं घाईत केलं असन. आपल्याले घाई नाई."

त्या वर्षांत त्यांच्याकडे दुसरंही काम वाढलं. गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करायचे. घरचे लोक ग्रुप फोटो घेऊन येत, लग्नातला, जत्रेतला, त्यातला एक चेहरा बोटानं दाखवत. काकाजी त्याला शेजारच्यांतून सोडवून घेत, अंगात कोट घालत, टाय लावत, गळ्यात हार रंगवत. जन्मात कोट न घातलेली तरणी माणसं आमच्या भिंतीला टेकून रांगेत वाळत बसलेली असत. सुरुवातीला आम्ही हळू बोलायचो. मग सवय झाली. मग त्यांच्यासमोर बसून डबा खाऊ लागलो. फोटो न्यायला येणारेही रडत नसत. आकार विचारत, फ्रेम काळी की सोनेरी ते सांगत. दातांच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळं गावच झालं होतं.

अशा दुकानात एक दिवस मॅडम रोल घेऊन आल्या. एकशेवीसचा, मोठ्या निगेटिव्हचा. मी धुतला, छापला आणि घाबरलो. एकातही माणूस नाही. राखाडी ढग, त्यात गोल गोल पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांत काळ्या ठिपक्यांचे पुंजके.

"मॅडम, रोल खराब झालेला दिसते."

"नाही. मेंदू आहे."

"कोणाचा?"

"बोंडअळीचा."

अळीला मेंदू असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. खसखशीच्या दाण्याहून लहान असतो. मॅडम तो भिंगाखाली काढत, मेणात बसवत, त्याचे पापुद्र्यासारखे काप करून काचेवर रंगवत आणि सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून फोटो घेत. फोटो कशाला, तर कॉलेजात चांगला सूक्ष्मदर्शक एकच, दिवसभर पोरांच्या ताब्यात. आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. फोटो छापला की घरी टेबलावर बसून, त्यावर पेन्सिलीनं खुणा करत सावकाश मोजता येई. ही त्यांची रीत वर्षानुवर्षांची.

ते ठिपके काय, हे त्यांनी मला काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं. आपल्याला वाटतं मेंदू म्हणजे विजेचं काम, तारा आणि झटके. पण मेंदूतल्या काही पेशी रस तयार करतात. छोटी छोटी प्रथिनं, न्यूरोपेप्टाइड म्हणतात त्यांना. पेशी ती बारीक पुड्यांत बांधून ठेवते आणि वेळ आली की पुडी फोडून सोडते. कधी कात टाकायची, कधी कोशात जायचं, अळीला ते त्या पुड्या सांगतात. तुम्हाआम्हालाही पुष्कळ काही त्याच सांगतात.

"म्हणजे मेंदू पाझरतो," मी म्हणालो.

"पाझरतो," मॅडम म्हणाल्या. मला विद्यापीठानं पदवी दिल्यासारखं वाटलं.

तरुणपणी त्या परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं होत्या. तिथं जिवंत पेशी काचेखाली ठेवून पुडी फुटताना बघत. वडील आजारी पडले म्हणून मॅडम परत आल्या. वडील गेले, घाटंजीची नोकरी राहिली. "एकदा बघितलंय मी," एवढंच त्या म्हणत. "पुडी फुटताना." लोक ताजमहाल पाहिल्याचं याहून जास्त सांगतात.

इथं आल्यावर त्यांनी एकच प्रश्न धरला. औषध फवारल्यावर जी अळी मरत नाही, तिच्या मेंदूचं काय होतं? कारण त्या वर्षांत अळ्या मरतच नव्हत्या. औषधात भिजायच्या आणि दुसऱ्या दिवशी बोंड खायच्या. मॅडमना वाटे, अशा अळीच्या पेशी सगळ्या पुड्या एकदम फोडून रिकाम्या होत असाव्यात. जिवंत, पण आत काही नाही. हे दाखवता आलं तर जगातल्या त्या विषयाच्या माणसांना दखल घ्यावी लागली असती. न फवारलेल्या अळ्यांचे फोटो आधी झाले. पेशी ठिपक्यांनी गच्च. ते मीच छापले. आता फवारलेल्या अळ्यांचे बाकी होते.

इथं मध्ये काकाजींच्या डोळ्यांचं प्रकरण आलं.

काकाजींना दिसेनासं झालं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलायची कोणाची टाप नव्हती. हात सरावानं चालायचा. एक दिवस दुकानात मॅडमनी भिंतीला टेकवलेला एक फोटो उचलला. गळ्यातला रंगवलेला हार त्या माणसाच्या कानावरून गेला होता.

"काकाजी, तुम्हाला दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

काकाजी म्हणाले, "मले दिसते. तुमी तुमच्या अळ्या पाहा."

"अळीला सुद्धा याच्यापेक्षा बरं दिसतं."

पुढच्या आठवड्यात मॅडम त्यांना एसटीनं यवतमाळला घेऊन गेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन करवून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिल्या. पट्टी निघाल्यावर जाड काळा चष्मा लावून काकाजी परत आले तेव्हा त्यांनी दुकानाच्या दारातून आधी मॅडमकडेच पाहिलं.

"मॅडम, तुमचे केस पांढरे झाले की वो."

"होतेच," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून कोठेकर मॅडम काकाजींच्या लेखी घरच्या झाल्या. मला ताकीद मिळाली, "त्याईच्या रोलले तू हात नोको लावू. मी जातीनं करीन." लगनसराई होती, कॅमेरा गळ्यात अडकवून मी गावोगाव हिंडत होतो. फवारलेल्या अळ्यांचे सगळे रोल काकाजींनी धुतले, काकाजींनी छापले, आणि पाकिटावर हळदीकुंकवाचं बोट लावून मॅडमच्या घरी नेऊन दिले.

ते फोटो मोजून झाल्यावर मॅडम दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. फोटो काढायचा नसताना त्या स्टुलावर कधी बसत नसत.

"रिकाम्या आहेत," म्हणाल्या. "सगळ्या."

याहून मोठा आनंदोत्सव मी त्यांचा पाहिला नाही. काकाजींनी चहा मागवला. मॅडमनी दोन कप घेतले.

पुढच्याच दिवसांत फुलसावंगीकडची एक बाई दिरासोबत नवऱ्याचा फोटो न्यायला आली. तिशीची असेल. नवरा जाऊन महिना होत आला होता. दीर आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "हिच्या डोळ्यात एक थेंब नाई आला साहेब. मायबाप विचारून राह्यले, हे बाई हाय का दगड?" ती फोटोकडे बघत होती. कोटातल्या नवऱ्याला बहुतेक ओळखत नसावी.

मॅडम बाकावर होत्या. उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून दिराला म्हणाल्या, "तिला बोलू नका. एवढ्या मोठ्या धक्क्यानं आतलं सगळं एकदम सुटून जातं. मग काही दिवस आत काहीच नसतं. भरायला वेळ लागतो. रडेल ती."

बाईनं पहिल्यांदा फोटोवरची नजर काढून मॅडमकडे पाहिलं. फोटो छातीशी धरून गेली. इतक्या वर्षांत मॅडमनी अळीचं ज्ञान माणसाला लावल्याचं मी त्या एकदाच ऐकलं.

निबंध परदेशी गेला. तिथल्या नियतकालिकानं स्वीकारला. वर एका परिषदेत तो वाचायला या, खर्च आमचा, असं आमंत्रण आलं. ज्या कॉलेजात "अळीवाली बाई" म्हणत त्याच कॉलेजात सत्काराची कमान उभी राहिली. प्राचार्य तिथले नवे, उत्साही गृहस्थ. त्यांनी बॅनरवर मॅडमच्या नावाखाली "मेंदूतज्ज्ञ" लिहवलं, आणि दोन म्हाताऱ्या बाया डोकेदुखी दाखवायला आल्या.

आमच्या दुकानातर्फे भेट म्हणून काकाजींनी फवारलेल्या अळीच्या मेंदूचा एक फोटो मोठा केला, सोनेरी चौकटीत बसवला. स्टेजवर मॅडमना शाल घातली, नारळ दिला, आणि काकाजी फ्रेम घेऊन चढले. मी खाली, कॅमेरा डोळ्याला. प्राचार्यांनी माइकवरूनच कौतुक केलं, "वा, किती स्वच्छ फोटो आहे."

काकाजींना आयुष्यात पहिल्यांदा माइक मिळाला होता. ते वाकले आणि म्हणाले, "आता स्वच्छ दिसून राह्यला सर. मुळात लय काळे ठिपके होते बाप्पा त्याच्यात. पयले मले दिसत नव्हते. मॅडमनं डोळे देल्ले, तवा दिसले. मंग बसलो पेन्सिल घेऊन. एक नाई ठेवला."

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. त्या टाळ्यांच्या आवाजात मॅडमनी काकाजींना काहीतरी विचारलं. माझ्या कॅमेऱ्यासमोर त्यांचे ओठ हलले, आणि माइक जवळ असल्यानं पहिल्या रांगेला ऐकूही आलं. "सगळ्याच फोटोंतले?"

"साऱ्याच. तुमचं काम हाय मॅडम, अर्धवट करन का मी?"

भाषणाची पाळी आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी आभारी आहे. मला आता प्रयोगशाळेत जायचं आहे." सभागृहानं पुन्हा टाळ्या वाजवल्या. एवढी कामसू बाई, म्हणून. माझ्याकडे त्या दिवसाचे दोन फोटो आहेत. एक काकाजी बोलायच्या आधीचा, एक नंतरचा. शेजारी शेजारी ठेवले तर कुठला आधीचा, हे मलाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना मॅडम पायरीवर होत्या. काकाजी त्या वेळी देवळात जात. मॅडमनी निगेटिव्ह मागितल्या. आम्ही त्या खिडकीशी तिरप्या धरल्या. प्रत्येक पोकळीत पेन्सिलीचं शिसं चमकत होतं, शाईच्या दौतीवर साय धरावी तसं. काम इतकं नाजूक होतं की मी काकाजींचा पुतण्या, पण मी उजेडात धरल्याशिवाय ओळखलं नसतं. एवढी मेहनत त्यांनी कुठल्या नवरीच्या गालावर घेतली नव्हती.

"मी काल मूळ काचा पाहिल्या," मॅडम म्हणाल्या. "पेशी भरलेल्या आहेत. फवारलेल्या, न फवारलेल्या, सारख्याच."

"मॅडम, टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की पेन्सिल निघते."

"काढा. पण त्यानं उत्तर बदलत नाही. असं काही होत नाही, हे उत्तर आहे."

मी म्हणालो, काकाजींना आज असा सांगतो की… मॅडमनी मला पुरं बोलू दिलं नाही. "त्यांनी त्यांचं काम केलं. माझं काम होतं काचा पुन्हा बघायचं. रिकाम्या दिसल्या तेव्हा मी बघितल्या नाहीत, कारण मला रिकाम्याच हव्या होत्या. त्यांना काही सांगायचं नाही."

निबंध परत घेते हे सांगायला त्या प्राचार्यांकडे गेल्या तेव्हा मी सोबत होतो. प्राचार्यांचा चेहरा, तो फोटो मात्र काढायला हवा होता. "मॅडम, अळीच्या मेंदूत ठिपके आहेत की नाहीत, हे बघायला जगात कोण बसलंय?"

"मी बसले होते, सर."

"तिकीट यायचं आहे. वर्तमानपत्रात आलंय. कमान अजून उतरवली नाही आपण."

"कमान राहू द्या. गणपतीला उपयोगी पडेल."

निबंध परत घेतल्याचं पत्र गेलं. कारण त्यांनी लिहिलं ते एवढंच, की छायाचित्रांत लेखिकेच्या हातून दोष राहिला. परिषद बुडाली. गावात काय पसरायचं ते पसरलं. मॅडमचं बोगस निघालं. फोटोत हेराफेरी केली. परदेशातल्या लोकांनी पकडलं. टपरीवर "रिकामा मेंदू" हे नवं नाव पडलं. मॅडम त्याच टपरीवर त्याच वेळेला चहा प्यायच्या आणि पैसे ठेवून जायच्या.

भांडत होते ते एकटे काकाजी. टपरीवर उभे राहून काठी आपटायचे. "फोटो बोगस? अबे, थे फोटो मी सोता साफ केले. माह्या हातचे हायत. कोनाची हिंमत हाय बोगस म्हनाची?" लोक त्यांना आणखी डिवचायचे. मी काकाजींचा हात धरून घरी आणायचो, आणि माझ्या जिभेवर जे असायचं ते गिळायचो. माझ्यासारख्या इतकं बोलणाऱ्या माणसाला गप्प बसवणं ही मॅडमची त्या काळातली मोठी करामत.

एकदा मी मॅडमना विचारलं, त्या फुलसावंगीच्या बाईला तुम्ही सांगितलं होतं, आतलं सुटून जातं म्हणून. त्याचं काय?

मॅडमनी भेंडीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ती का रडली नाही, मला माहीत नाही," म्हणाल्या. "तेव्हाही नव्हतं."

आणि चालू लागल्या. बरण्या चालूच होत्या. अळ्या वाढत होत्या, काप पडत होते, रोल आमच्याकडेच येत होते. फक्त आता त्या स्वतः येऊन मला सांगत, "ह्यावर रिटचिंग नको, काकाजींच्या डोळ्यांना ताण होतो." काकाजींना हे पटत नसे, पण डोळे ज्यांनी दिले त्यांचं ऐकावं लागे.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा नागपूरला बहिणीकडे राहायला जाणार होत्या. सामान न्यायला मी टेम्पो ठरवून दिला आणि दुपारी प्रयोगशाळेत गेलो. बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. काचांच्या पेट्या दोरीनं बांधून तयार. सूक्ष्मदर्शक कॉलेजचा, तो खिडकीशी तसाच. मी पेट्या उचलू लागलो तर दारात काकाजी. जिना चढून धापा टाकत. आयुष्यात ते तिथं पहिल्यांदा येत होते.

मॅडमनी स्टूल दिलं. काकाजी बसले नाहीत.

"मॅडम, त्या सत्काराच्या दिवशी तुमी मले एक विचारलं होतं. साऱ्याच फोटोतले काढले का म्हनून. थे माह्या डोक्यातून जात नाई. लोक सांगतात तुमच्या फोटोत खोट होती. मी लोकाईशी भांडलो. पन घरी आलो की थेच आठवते. तुमी आता चालल्या. मले दाखवा, काय होतं थे."

मी मध्ये पडणार होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी एका पेटीची दोरी सोडली. त्या पेटीत तऱ्हेतऱ्हेचे काप होते. कात टाकून मोकळ्या झालेल्या अळ्यांचेही, ज्यांत खरोखरच काही नसतं. तसली एक काच लावली असती तर म्हाताऱ्याला कोऱ्या पोकळ्या दिसल्या असत्या आणि तो समाधानानं जिना उतरला असता. त्यांचं बोट त्या ओळीवर थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी दुसऱ्या ओळीतली काच उचलली, लावली, उजेड जुळवला आणि बाजूला झाल्या.

काकाजींनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकले.

"हे तं जांभळे हायत."

"रंगवल्यावर जांभळे दिसतात. फोटोत काळे येतात."

"हे मी काढले."

"हो."

"हे डाग नोते."

"नव्हते. हेच बघायचं होतं."

काकाजी तसेच वाकलेले. त्यांच्या मानेवरची शीर तेवढी हलत होती. "मंग तवाच सांगायचं ना. बोळा मारला असता तं सारे परत आले असते."

"आले परत, काकाजी," मॅडम म्हणाल्या. "आले म्हणूनच परिषदेला जाता आलं नाही. ते यायलाच पाहिजे होते."

काकाजींनी डोळा उचलला नाही. मला वाटलं रडताहेत. नव्हते. ते बघत होते. डाग शोधताना बघायचे तसं, एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत, काही सुटू नये म्हणून. मॅडम शेजारी उभ्या राहून हळूहळू काच सरकवत होत्या. एक पेशी गेली की पुढची.

"अजून हायत?" काकाजींनी विचारलं.

"पुष्कळ आहेत."

खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. मग पुन्हा मारला. मी खिडकीतून वाकून त्याला हात केला आणि म्हणालो, "मॅडम, थो बोंबलून राह्यला. म्हणते ऊन उतरायच्या आत कळंब गाठलं पाहिजे."

मॅडमनी मान वर केली नाही.

"त्याला थांबायला सांगा," त्या म्हणाल्या. "काकाजींचं बघून झालेलं नाही."